ओठ न मिटता

२ नोव्हेंबर, रविवार

ऋता येऊन गेली. थोरल्या जाऊबाईंची धाकटी लेक. इथे अमरावतीत भाषाशास्त्रात एम.ए. करते, होस्टेलवर असते, महिन्यातून एखाद्या रविवारी काकूकडे जेवायला येते. मोठ्यांचं भांडण पोरांना लागू नाही, एवढं तरी शहाणपण आमच्या घराण्यात आहे.

वरणावर तूप घेता घेता म्हणाली, "काकू, तू अन् आई अकोल्याच्या स्वयंपाकघरात जी भाषा बोलत होत्या ना, तिच्यावर लघुप्रबंध करते मी. सरांनी होकार दिला."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. हे जेवता जेवता म्हणाले, "कोणती भाषा?" वीस-बावीस वर्षं यांच्या मागेपुढे बोलली गेली आणि यांना पत्ता नाही. म्हणजे भाषा चांगलीच झाली होती म्हणायची.

थो.शी (वहीत एवढंच, पूर्ण लिहायला हात वळत नाही) अकरा वर्षं बोलणं नाही. लग्नकार्यात 'बऱ्या आहात?' आणि उत्तर ऐकायच्या आत दुसरीकडे.

ऋताला 'बघू' म्हटलं. ती गेल्यावर भांडी घासता घासता एक शब्द तोंडात आला. चिर्र. मग दिवसभर तोच.

५ नोव्हेंबर, बुधवार

आठवून आठवून डोकं दुखलं. मुली गणितात सूत्र विसरल्या तर मी ओरडत असे. आता माझी पाटी कोरी.

जे आठवलं ते:

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसत. डाळ निवडत, पण डोळे आमच्या तोंडावर. ऐकायला कमी येत असे, ओठ मात्र बरोबर वाचत. म्हणून पहिला नियम, ओठ हलता कामा नयेत. प नाही, फ नाही, ब, भ, म नाही. व नाही. उ आणि ओ बाद, कारण त्यांना ओठांचा चंबू होतो. उरले अ, आ, इ, ए. परातीवर वाकायचं, कणीक मळायची आणि दातांच्या आतून बोलायचं. म्हणून नाव 'आतली'. नावसुद्धा नियमात बसतं. ते मी ठेवलं. (मीच. खात्री आहे.)

९ नोव्हेंबर, रविवार

ऋता पुन्हा. फोन टेबलावर उताणा, लाल ठिपका चालू. प्रश्नावर प्रश्न. कर्ता कुठे येतो, क्रियापद कुठे येतं, काळ किती.

क्रियापद आधी. हे मला चटकन सांगता आलं. परातीपाशी ऐकणारीला आधी कळायला हवं, काय करायचंय ते. कोणी, कुणाला, ते मागून आलं तरी चालतं. तारे, ये. तातारे, येऊ नको. पहिलं अक्षर दोनदा म्हटलं की नकार.

माणसांना नावं नाहीत. नवऱ्याचं घ्यायचं नाही, सासऱ्यांचं नाही, सासूचं तर नाहीच. म्हणून जो जिथे बसतो त्या जागेवरून. हाद म्हणजे दार, हादस म्हणजे दारातली. लाक म्हणजे झोपाळा, लाकस म्हणजे झोपाळ्यावरचे, मामंजी. 'चिर्र हादस' म्हणजे सासूबाई तापल्यात. ऋता टाळ्या वाजवायचीच बाकी होती.

मग म्हणाली, "आई म्हणते, ही भाषा सगळी तिनंच केली. काकू मंग आली अन् शिकली."

काय!

१० नोव्हेंबर, सोमवार

झोप नीट नाही. सकाळी चहात साखर विसरले, हे निमूट प्याले.

चिर्र त्यांचं. मान्य. त्या दर्यापूरकडच्या खेड्यातून आलेल्या, सातवी शिकलेल्या, शब्द आवाजावरून करत. फोडणी तडतडते तसा राग. पण जागेला -स लावून माणूस, पहिलं अक्षर दोनदा, क्रियापद आधी, हे नियम कोणाचे? त्या घरात व्याकरण माहीत असलेलं दुसरं होतं कोण? गेल्या वर्षापर्यंत मुलींना समीकरणं मांडायला शिकवणारी मी, आणि म्हणे शिकली!

१२ नोव्हेंबर

दोनशे पानी वही आणली. डावीकडे शब्द, मग अर्थ, मग कोणाचा, मं. की थो. प्रामाणिकपणे लिहिणार. त्यांचे ते त्यांचे. पण माझे ते माझे.

१६ नोव्हेंबर, रविवार

एकशे चौदा शब्द झाले. मं. एकाहत्तर.

ऋता म्हणाली, "आई म्हणते आतलीत भूतकाळ नाही." मी म्हटलं आहे, -ती लावायचा. ती म्हणाली, आईने साफ नाही सांगितलं. फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकवलंही. अकरा वर्षांनी 'बऱ्या आहात?'च्या पलीकडे आवाज ऐकला, जरा जाडा झालाय, बाकी तोच ठसका: "होऊन गेलं त्याले कायले शेपूट लावतं? मंदी लावे. मले नाही आवडे."

मंदी! अकरा वर्षांत एक फोन नाही आणि मंदी.

हे आतल्या खोलीतून विचारतात, "कोण, वहिनी का?" त्यांना सगळं ऐकू येतं, फक्त समजत नाही.

१९ नोव्हेंबर

शब्दांच्या वहीसाठी नाही, तरी इथे लिहून ठेवते, नाहीतर डोक्यात घोळत राहील.

अकरा वर्षांपूर्वी मी अमरावतीच्या शाळेत बदली मागितली होती. त्या घरातून निघायचं होतं. हुकूम हातात येईपर्यंत कोणाला सांगायचं नाही, यांनाही नाही, असं ठरवलेलं. फक्त थो.ना सांगितलं. परातीवर वाकून, आतलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई दारातून म्हणाल्या, "अमरावतीले पळून राहिली म्हणे तू."

आमचा एकच करार होता. आतलीतलं मराठीत आणायचं नाही. नवऱ्याजवळ नाही, माहेरी नाही, देवाजवळही नाही. तो त्यांनी मोडला. विषय संपला.

२३ नोव्हेंबर, रविवार

भूतकाळ सिद्ध केला. आहेच, आणि खुद्द थो.नी वापरलाय. एक वाक्य आठवलं, त्यांच्या तोंडचं, -ती सकट. शब्द, अर्थ, वाक्य, बाजूला कोणत्या वेळचं तेही, सगळं नीट तपशिलाने लिहिलं. ऋताने पानाचा फोटो काढला आणि म्हणाली, "काकू, यू आर ग्रेट."

तीन आठवड्यांत पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

२५ नोव्हेंबर

वही पूर्ण. एकशे त्र्याण्णव. ऋता घेऊन गेली. घर ओकंबोकं वाटतं.

७ डिसेंबर, रविवार

ऋता अकोल्याहून आली. माझ्या वहीतला एकेक शब्द तिने आईला विचारलाय, सगळं फोनवर रेकॉर्ड केलेलं. सोबत उकडायला तुरीच्या शेंगा, त्यांनीच पाठवलेल्या. नाव माझं घेतलं नाही म्हणे, "घेऊन जा तठी" एवढंच.

शेंगा उकडल्या आणि सोलत ऐकत बसलो दोघी. बहुतेक बरोबर. दोन-तीन ठिकाणी माझंच चुकलं होतं, हे कबूल. मग ऋताचा आवाज: "आई, लेहे?"

मागे कुकरची शिट्टी.

मग थो.: "लेहे? ते तं शिळ्या पोळीले म्हनो आमी."

"पण काकूनं दुसरंच लिहिलं आहे."

"तिले काय आठवते! शिळी पोळी. लिव."

शेंगा टाकून उठले. शिळी पोळी! इतका मोठा शब्द, त्यांनीच केलेला, आणि विसरल्या! ऋताला म्हटलं, माझाच अर्थ ठेव, तुझ्या आईची स्मरणशक्ती गेली. ती म्हणाली, "दोन्ही ठेवते काकू. दोन बोलणाऱ्या, दोन अर्थ. सरांना हेच तर आवडलंय."

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी कणीक मळताना कळलं. हात थांबले ते थांबलेच.

त्या विसरल्या नाहीत.

लेहे म्हणजे जन्माला न आलेलं मूल. माझ्या पहिल्या वेळी थो.नी हा शब्द केला. सकाळी परातीपाशी मी नुसती बसले होते, हात कोरडे. त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटला आणि मला कळला. कसा, ते कोणत्याही व्याकरणात नाही.

पहिल्या वेळी यांनी आठ दिवस जेवण टाकलं होतं. सासूबाई दारात बसून माझ्या पायगुणावर बोलत. दुसऱ्या वेळी हे धारणीला नेमणुकीवर, पंधरा दिवसांनी एकदा यायचे. दिवस गेलेत हेच अजून कोणाला सांगितलं नव्हतं. रक्त जायला लागलं तेव्हा दिवाळीची भांडी घ्यायला जातो म्हणून थो. मला दवाखान्यात घेऊन गेल्या. येताना खरोखर एक पातेलं आणलं, कोणी विचारलं तर दाखवायला. त्या रात्रीच्या स्वयंपाकात त्यांनी सासूबाईंच्या समोर म्हटलं, "नारती लेहे." गेलं. मीही मान हलवली आणि पोळ्या लाटल्या.

यांना पहिलं माहीत आहे. दुसरं आजतागायत माहीत नाही.

आणि मी काय केलं? भूतकाळ सिद्ध करायला ते वाक्य वहीत लिहिलं. अर्थासकट. कंसात 'दुसऱ्या वेळी, दिवाळीच्या आधी'. स्वच्छ अक्षरात. एक समीकरण सुटल्याच्या आनंदात.

त्या झाकत होत्या. मी त्यांना खोटं पाडत होते.

९ डिसेंबर

ऋताला फोन. ते पान काढ म्हटलं. "काकू, प्रकरण सरांकडे गेलं. किती जिवंत उदाहरण आहे ते, त्यांनी खाली रेघ मारली." मग हळूच, "ते तुझं स्वतःचं आहे हे मला माहीतच नव्हतं गं काकू."

माझं नाव काढ म्हटलं. "नाव नाहीच. तू 'निवेदक दोन' आहेस."

निवेदक दोन! ही भाषा बोलणाऱ्या जगात दोनच आहेत. एक तिची आई. दुसरी कोण ते शोधायला काय पोलीस लागणार आहेत?

११ डिसेंबर

ऋताचे वडील, म्हणजे भाऊजी, खूश आहेत. पोरीचं काम झालं की बांधून घेऊन सगळ्या नातेवाइकांना एकेक प्रत देणार. एक आमच्याकडे. हे आत्तापासून विचारतात, कधी येणार. चष्मा बदलून घेतलाय.

पुन्हा ऋताला विनवलं. म्हटलं, निवेदक दोन म्हणते, तिला चुकीचं आठवलं. शिळी पोळी बरोबर. तसं लिही.

ती म्हणाली, "काकू, खोटं कसं लिहू? तूच मला लहानपणी खोडरबर वापरू दिला नाही. चूक झाली तर रेघ मार, पण दिसू दे, असं म्हणायचीस."

हो. म्हणत असे. आता स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

१४ डिसेंबर, रविवार. अकोला

गेले. यांना सांगितलं, ऋताच्या कामासाठी. बस मूर्तिजापूरला अर्धा तास उभी, ड्रायव्हर चहाला. त्या अर्ध्या तासात दोनदा उतरून परतीची गाडी धरावीशी वाटली.

दारात पाट नव्हता. सासूबाई गेल्यापासून तिथे फ्रीज आहे. थो. ओट्यापाशी उभ्या, तुरीच्या सोल्याची भाजी चाललेली. मला बघून, "ये. चप्पल अठीच काढ, आत्ताच पुसलं." अकरा वर्षांनी एवढंच.

मी सरळ बोलून टाकलं. वहीत मीच लिहिलं, भूतकाळासाठी, तुम्हाला खोटं पाडायला. चुकले.

त्यांनी गॅस बारीक केला. रडतील वाटलं. त्या चिडल्या.

"मी तीस वर्स दाबून ठेवलं, मंदे. माया नवऱ्यालेबी नाही सांगतलं. पोट्टीनं इचारलं तं शिळी पोळी म्हनून मोकळी झाली. अन् तू? तू लिवून देल्लं! मार्कं पाहिजे होते तुले?"

मार्कंच पाहिजे होती.

मीही चिडले. राग कुठेतरी निघायला हवा होता. म्हटलं, करार आधी तुम्ही मोडला. अमरावतीचं सासूबाईंना कोणी सांगितलं?

"मीच सांगतलं," त्या म्हणाल्या. एक क्षणही न थांबता. "मले वाटलं, म्हातारी तुले अडवीन. मी अडवली असती तं तू थांबली नसती. तू गेल्यावर मी कोनाशी बोलनार होती वं? अख्ख्या घरात?"

भाजी लागली खाली. दोघींनी एकदमच कढईला हात घातला.

अकरा वर्षं मी त्या एका गोष्टीवर उभी होते. ती त्यांनी दोन वाक्यांत काढून घेतली. आता माझ्या रागाला उभं राहायला जागा नाही आणि तरी राग आहे. कोणावर, ते कळत नाही.

१५ डिसेंबर. अकोल्यातच

राहिले. ऋताही आली. तिला शेवटच्या प्रकरणासाठी दोघींचं संभाषण पाहिजे, एकमेकींशी, आतलीत, निदान दहा मिनिटं. थो. म्हणाल्या, आता कायले. मी म्हटलं, नको. ती तोंड पाडून बसली. शेवटी बसलो.

सात मिनिटं झाली. पहिली तीन नुसती 'मीठ दे', 'भाकरी जळली' असली. ऋता हिरमुसली. मग थो.नी एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा. एक शब्द अडला तो त्यांनी तिथल्या तिथे नवा केला आणि मला कळला. चार मिनिटं कशी गेली समजलं नाही. वेग तोच जुना. क्रियापद आधी.

ऋताने फोन बंद केला आणि पेन काढलं. "आता अर्थ सांगा, ओळीओळीने."

थो.नी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे.

"सांगत नाही," मी म्हटलं.

"काकू, मग मी याचं काय करू?"

"आवाज आहेत ना, ते लिव," थो. म्हणाल्या. "अर्थ आमचा हाये."

ऋता खरोखर रागावली. तिचंही बरोबर आहे. पोरीचं वर्ष आहे त्यात.

वहीतल्या पानाबद्दल तिला शेवटचं विचारलं. म्हणाली, "ते आता माझ्या हातात नाही काकू. सरांनी पुढे पाठवलं." खरं बोलली असेल. तिला खोटं बोलता येत नाही, ते मीच शिकवलंय.

१६ डिसेंबर

परत निघताना थो. फाटकापर्यंत आल्या. मी म्हटलं, छापून यायच्या आत यांना मीच सांगावं म्हणते. पुस्तकात वाचण्यापेक्षा.

"सांग. पन भांडू नको त्याच्याशी. त्यानं काय केलं?"

"आणि त्यांनी विचारलं, इतकी वर्षं का नाही सांगितलं, तर?"

त्यांनी माझ्या पिशवीचा बंद सारखा केला. ऑटो आला.

२० डिसेंबर, शनिवार

चार दिवस झाले. रोज ठरवते. रोज काहीतरी निघतं. परवा गॅसवाला, काल यांचा दातांचा डॉक्टर, आज सकाळी टीव्हीवरच्या बातम्यांशी यांचं भांडण. निमित्तं मी शोधते, हे मला दिसतंय.

ऋताचा मेसेज: मंगळवारी प्रती येतील.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी एकटी असताना मोठ्याने म्हणून पाहिलं. आरशासमोर नाही, धुणं वाळत घालताना. जमेना. 'गर्भपात' हा दवाखान्याच्या कागदावरचा शब्द, तो माझा वाटत नाही. 'पोट पडलं' असं सासूबाई म्हणत, तो शब्द तोंडात घ्यायचा नाही. 'बाळ गेलं' म्हणावं तर बाळ होतं कुठे? इतकी वर्षं या गोष्टीबद्दल मी फक्त एका भाषेत बोलले. मराठीत ती घडलेलीच नाही. आणि यांना येते फक्त मराठी.

मराठीतच वाढले मी. शाळेत गणित शिकवलं तेही मराठीतून. आज एक साधं वाक्य होत नाही. स्वतःचा संताप येतो.

२२ डिसेंबर, सोमवार

उद्या प्रती.

हे अंगणात कढीपत्त्याच्या कुंडीला नळीने पाणी घालत होते. जाऊन शेजारी पायरीवर बसले. म्हटलं, "एक सांगायचं आहे." हे म्हणाले, "सांग की." पाणी चालूच.

पहिलं वाक्य मी तीन दिवस घोकलं होतं. ते विसरले.

म्हटलं, "तुम्ही धारणीला होतात ना, त्या वर्षी दिवस गेले होते."

हे म्हणाले, "कोणाचे?"

मी म्हटलं, "माझे."

कुंडी भरून पाणी बाहेर वाहायला लागलं. यांनी वाकून नळ बंद केला. मग बराच वेळ तसेच वाकलेले राहिले, नळाच्या चावीवर हात. नंतर येऊन पायरीवर बसले, माझ्या शेजारी नाही, एक पायरी खाली.

"मग?" म्हणाले.

मी चहा ठेवते म्हणून आत आले. चहा उकळून अर्धा झाला, गॅस बंद केला, हे लिहितेय. खिडकीतून दिसतात. अजून तिथेच बसलेत, दाराकडे तोंड करून. दोन कप भरलेत. जाते.